इन्हिबिटरचा कॅन मागवण्याआधी
(व्हॅम चिलर, म्हणजे उष्णतेवर पाणी थंड करणारे व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

उन्हाळा तापला की आमच्याकडे ठरलेला फोन येतो: "चिलिंग मिळत नाही, सोल्यूशनचा रंग उतरलाय, इन्हिबिटरचा एक कॅन पाठवा." इन्हिबिटर म्हणजे मशीनच्या आतला गंज रोखणारे रसायन. आम्ही तो कॅन लगेच पाठवत नाही आणि काही जणांना त्याचा राग येतो. "पैसे देतोय ना आम्ही?" देता, मान्य आहे. पण कारण ऐकून घ्या.

मशीनमधले सोल्यूशन म्हणजे लिथियम ब्रोमाइडचे पाण्यातले द्रावण, आणि लिथियम ब्रोमाइड हे शेवटी मीठच. डबल इफेक्ट (सोल्यूशन दोन टप्प्यांत उकळणाऱ्या) मशीनच्या एचटीजीत (हाय टेंपरेचर जनरेटर, जास्त तापणारा टप्पा) ते ६० टक्क्यांच्या आसपास घट्ट आणि १५० अंशांच्या घरात तापलेले असते. एवढ्या खाऱ्या, गरम द्रावणात साधे पोलाद टिकते, कारण आत हवा नसते आणि धातूवर मॅग्नेटाइटचा (लोखंडाच्या ऑक्साइडचा) काळा, घट्ट थर धरलेला असतो. तो थर बसवणे आणि राखणे हे इन्हिबिटरचे काम. लिथियम हायड्रॉक्साइडने सांभाळलेली अल्कलिनिटी त्याला हात देते. हे गणित बिघडले की पोलाद पाण्यानेच गंजू लागते आणि हायड्रोजन सुटतो. हा वायू वाफेसारखा थंड होऊन द्रव होत नाही, अ‍ॅब्सॉर्बरमध्ये (सोल्यूशन पाण्याची वाफ शोषते त्या भागात) साचून बसतो आणि चिलिंग पडते.

पण चिलिंग हवेच्या लीकनेही अगदी तसेच पडते. आमचा सगळा वेळ जातो तो इथेच. मशीन हवा खेचत असते आणि ग्राहक इन्हिबिटर ओतत असतो. ऑक्सिजन आत येत राहिला की गंज पुढे सरकतो आणि ओतलेला क्रोमेट किंवा नायट्रेट त्यातच खर्च होतो. महिन्याभराने पुन्हा फोन. त्यात भर म्हणजे नुकताच कॅन ओतलेला असला तर रिपोर्टमध्ये इन्हिबिटरचा आकडा छान दिसतो आणि लीक झाकला जातो. मग आम्ही दोन दिवस शोधत बसतो. भोक बुजवायचे सोडून टाकीत पाणी ओतत राहण्यातला प्रकार.

रंगावरही जाऊ नका. लिथियम क्रोमेटचे सोल्यूशन पिवळे असते, लिथियम मॉलिब्डेटचे नाही. एका ठिकाणी नवीन ऑपरेटरने "पिवळेपणा गेला" म्हणून मॉलिब्डेटच्या मशीनमध्ये क्रोमेट ओतले होते. ते निस्तरायला किती फेऱ्या झाल्या, ते आमचे आम्हाला ठाऊक. रंग हिरवट झाला, तांबूस गढूळपणा आला किंवा साइट ग्लासवर (आत पाहायच्या काचेवर) काळा गाळ दिसला, तर मात्र त्याच दिवशी कळवा.

लीक आहे की हायड्रोजन, याचा अंदाज तुम्हीही घेऊ शकता. नीट पर्ज करा (साचलेले वायू पंपाने बाहेर काढा), मशीन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, व्हॅक्यूमचा आकडा आणि तापमान लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला पुन्हा बघा. हायड्रोजन मुख्यतः गरम मशीनमध्ये होतो. थंड, बंद मशीनचा दाब वाढला असेल तर संशय लीकवर घ्या.

सँपल स्वतः काढू नका. आत व्हॅक्यूम असताना व्हॉल्व्ह उघडला की सोल्यूशन बाहेर यायच्या आधी हवा आत शिरते. तपासणीसाठी म्हणून हवा भरून दिलेली मशीनही आम्ही पाहिली आहेत. आमचा माणूस व्हॅक्यूम फ्लास्क घेऊन येतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आलेले सँपल आम्ही तपासत नाही. दुरुस्तीसाठी व्हॅक्यूम तोडायचाच असेल तर कोरड्या नायट्रोजनने तोडा आणि मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर आत नायट्रोजन भरूनच ठेवा. सिलिंडरचा खर्च नव्या ट्यूबांपुढे काहीच नाही.

क्रोमेटचे जुने सोल्यूशन गटारात सोडू नका, ते विषारी आहे. शिवाय लिथियम ब्रोमाइड महाग आहे. बहुतेक वेळा ते गाळून, दुरुस्त करून पुन्हा वापरता येते आणि हे काम आम्ही जागेवर करतो.

आमच्या रिपोर्टवर कॉन्सन्ट्रेशन, अल्कलिनिटी, इन्हिबिटर, विरघळलेले तांबे आणि लोह असे पाच आकडे असतात. हवा आत आली की तांब्याच्या ट्यूब खाल्ल्या जातात, म्हणून तांबे वाढलेले दिसले की लीक शोधायला आम्ही आधी साबणाचे पाणी आणि नायट्रोजन काढतो, कॅन नंतर. वार्षिक करारात वर्षाला दोन तपासण्या धरलेल्या आहेत. कॅन खरोखरच लागत असेल तर पुढच्याच फेरीत मोजून आणतो.