हिरवळीखालचे नळ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळेत शिकलेल्यांना विजापूरची सहल आठवत असेल. गोलघुमटात टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकायचा, मग बाहेरच्या हिरवळीजवळ डबे सोडायचे. हे कापलेलं सपाट गवत मात्र आदिलशाही बागेचं नव्हे. तिचा जीव पाण्यात होता.

दख्खनच्या सुलतानांनी बागेचं वळण इराणकडून घेतलं. सरळ पाटांनी पाडलेले चार भाग, मधे हौद, कडेनं फळझाडं: ही चारबाग. विजापूरच्या कोरड्या माळावर असलं काही फुलवायचं, तर आधी पाणी आणायला हवं. ते पश्चिमेच्या तोरवीकडून भुयारातून आणलं. १६५१ मध्ये मुहम्मद आदिलशहाच्या काळात दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि तिथून खापराचे नळ शहरात आले. वाटेत ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे उभारले, त्यांना गंज म्हणतात. नळातला दाब तिथे आवरायचा, गाळ तळाशी बसायचा. माझ्या मते विजापूरचं खरं वैभव घुमटाइतकंच या गंजांत आहे, पण त्यांच्यापाशी सहलीची गाडी थांबत नाही.

त्याच शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं व्हर्सायला पाण्याचा असाच हट्ट धरला. सीन नदीचं पाणी चढवायला १६८४ मध्ये १४ चाकांचं यंत्र बसवलं. तरी सगळी कारंजी एकदम चालेनात. राजा जवळ आला की शिट्टी वाजायची, मग तेवढी कारंजी सोडायची.

अठराव्या शतकात इंग्लंडला या रेखीवपणाचा कंटाळा आला. केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराच्या हाताखाली सरळ कालवे जाऊन वळणदार तळी आणि मोकळी कुरणं आली. यॉर्कशरमधल्या स्टडली रॉयलला जॉन एझ्लाबीनं १७१८ च्या सुमारास सुरू केलेली जलबाग, तिच्या गोल आणि चंद्रकोरी तळ्यांसह, टिकली. अशा थोड्याच उरल्या.

हीच आवड साहेबाबरोबर आपल्याकडे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्झननं ताजमहालाची चारबाग दुरुस्त करवली, तेव्हा दाट झाडीच्या जागी हिरवळ आली. पुढे जुनी वास्तू म्हटलं की भोवती लॉन, हा शिरस्ताच पडला.

विजापूरहून सिंदगीकडे जाताना कुमटगी लागतं. हौदात उभे असलेले तिथले छोटे महाल आदिलशाही घराण्याच्या विसाव्याचे. तलावाचं पाणी मनोऱ्यावर चढवून नळांनी महालात खेळवायचे आणि छतातून त्याची धार खाली झरायची. भिंतींवर घोड्यावरून चेंडू खेळणारे स्वार रंगवलेले आहेत, आता बरेच पुसट झालेले.