सखल जंगलांतली परकी झाडे : वादाआधीचा इतिहास

रॉबिनिया, ब्लॅक चेरी, डग्लस फर ही उत्तर अमेरिकी झाडे युरोपच्या मैदानी जंगलांत ठेवायची की काढायची, यावरून आज वनाधिकारी आणि निसर्ग-संवर्धक यांच्यात जुंपते. पण ही झाडे चोरपावलांनी शिरलेली नाहीत. बहुतेक ठिकाणी वनाधिकाऱ्यांनीच ती हौसेने लावली.

रॉबिनिया सर्वांत जुनी. १७व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधले राजाचे माळी ज्याँ रोबँ यांनी ती वाढवली आणि त्यांचेच नाव तिला चिकटले. बराच काळ ती बागेची शोभा होती. तिचे नशीब उघडले हंगेरीत. जंगलतोड आणि चराईने तिथल्या मैदानावरची वाळू मोकळी सुटली होती. ती रोखायला १८व्या शतकापासून रॉबिनिया कामी आली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, म्हणून नापीक वाळूतही ती तग धरते. तोडली तर बुंध्यातून, मुळांतून धुमारे फुटतात. लाकूड सहज कुजत नाही, त्यामुळे द्राक्षमळ्यांना खांब मिळाले. शिवाय मध! आज हंगेरीच्या वनक्षेत्राचा जवळपास पाव हिस्सा तिचा आहे आणि २०१४ मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. त्याच वर्षी युरोपीय संघाने आक्रमक परक्या प्रजातींविरुद्ध कायदा केला. त्याच्या यादीत रॉबिनिया येऊ नये म्हणून हंगेरी अडून बसला. संवर्धकांची तक्रारही खोटी नाही : त्याच नायट्रोजनने वाळूवरची दुर्मीळ गवते मागे पडतात आणि खाजकुइलीसारखी चावरी नेटल माजते.

ब्लॅक चेरीला असा वाली मिळाला नाही. नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीत पाइनच्या लागवडींखाली माती सुधारावी, वणवा अडावा म्हणून ती लावली. मायदेशी तिचे लाकूड मौल्यवान. इथल्या हलक्या वाळूत ती झुडूपच राहिली. पक्ष्यांनी बिया पसरवल्या, तोडली तेवढी ती पुन्हा फुटली. डच लोक तिला ‘जंगलाची पीडा’ म्हणू लागले.

डग्लस फरचे बी स्कॉटिश वनस्पती-संग्राहक डेव्हिड डग्लस यांनी १८२७ मध्ये ब्रिटनला पाठवले आणि १८८० च्या दशकात प्रशिया या जर्मन राज्यात परक्या झाडांच्या पद्धतशीर चाचण्या सुरू झाल्या. २०१८ च्या दुष्काळानंतर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे जर्मनीतले स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष वाळले, तेव्हा पर्याय म्हणून तिचेच नाव पुढे आले. गंमत अशी, की स्प्रूस हे मुळात डोंगराचे झाड. मैदानात तेही माणसानेच आणून लावलेले.