मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं?

सुरमईची आमटी झाली आणि कुणी दुधाच्या पेल्याला हात लावला, की घरातलं कुणीतरी ओरडतंच, "अंगावर कोड उठेल!" माझ्या मावशीच्या ओठाजवळ पांढरा ठिपका आला तेव्हा तिने आधी मासे सोडले, मग दूध, मग दही. ठिपका वाढतच राहिला आणि डॉक्टरांकडे जायला दोन वर्षं उशीर झाला. याचं मला आजही वाईट वाटतं.

कोड आहारामुळे होत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, म्हणून तिथला रंग जातो. जन्मभर मासळी न चाखलेल्यांनाही कोड होतं. उलट बंगालमध्ये दह्यातला मासा हा घरोघरीचा पदार्थ आहे.

कोड म्हणजे कुष्ठरोगही नव्हे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाच्या डागावर नेहमीसारखा कळतो. आणि कोड कुणाला लागत नाही: एका ताटात जेवा, एकाच टॉवेलने अंग पुसा.

उपचार आहेत. स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमसचं मलम, नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशकिरण आणि डाग स्थिरावला असेल तर रंगपेशींचं रोपण. रंग परततो तो बहुधा केसांच्या मुळांपासून, आधी तिळाएवढे ठिपके, मग ते एकमेकांत मिसळतात. म्हणून चेहरा लवकर दाद देतो. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केसच नसतात, तिथे फार वेळ लागतो. मलम मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच लावा, आणि ठिपका लहान असतानाच जा.