गळ, आमिष आणि रानपिंगळा

रात्री साडेदहाला पक्षीमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खान्देशातल्या यावलच्या जंगलातला एक फोटो येतो. वाळलेल्या सागाच्या फांदीवर बसलेलं लहानसं घुबड आणि खाली एक ओळ : "रानपिंगळा असावा का?" तिसऱ्या मिनिटाला उत्तर : "साधा पिंगळा आहे भाऊ. कॅमेरा घेतला की जो तो पक्षीतज्ज्ञ!" त्याखाली हसणारे चार चेहरे. फोटोवाला विचारतो, "कशावरून?" त्याला उत्तर मिळतं, "शाळेत गेला होता ना?" मग दोघे फोटोवाल्याच्या बाजूने उतरतात, तिघे समोरून. सकाळी चहाच्या वेळी लोक फोन उघडतात तेव्हा शंभरावर मेसेज साचलेले असतात. आणि घुबडाच्या डोक्याबद्दल त्यात चकार शब्द नसतो.

खरं तर काम दोन मिनिटांचं होतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात; रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, पोटाचा खालचा भाग पांढरा असतो. फोटो मोठा करून डोकं पाहिलं असतं तरी निम्मं उत्तर मिळालं असतं.

ग्रुपवर जे घडलं त्याला जगभर ट्रोलिंग म्हणतात. हा शब्द इंटरनेटवर रुळला तो 1990च्या दशकात, यूजनेट नावाच्या जुन्या चर्चागटांवर, आणि तो आला मासेमारीतून. चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी ओढत न्यायची, कोण चावतंय ते बघायचं. दंतकथांमधला 'ट्रोल' नावाचा राक्षस त्याला चिकटला तो नंतर. मराठीत आपण 'गळाला लागला' म्हणतो, तेच नेमकं आहे. गळ टाकणाऱ्याला घुबडाशी देणंघेणं नसतं, त्याला मासा हवा असतो. मासा म्हणजे तुमचं उत्तर. रागाचं, पुराव्याचं, शिवीचं, कसलंही चालतं.

पण याच खान्देशात रानपिंगळ्याची दुसरीही एक गोष्ट घडलेली आहे आणि ती विसरून ट्रोलविरोधी नियम करायला बसलं तर ग्रुप मरतो. 1884 नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने सापडला नव्हता. मधली एकच नोंद होती, ती 1914ची, गुजरातेतल्या मांडवीची, रिचर्ड माइनर्ट्झहेगन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाच्या नावावर. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तिच्यावर संशय घेतला. तपासात निघालं की त्या नोंदीमागचा नमुना, म्हणजे आत भराव घालून जपलेला मृत पक्षी, ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशात गोळा केलेल्या नमुन्यांपैकीच एक होता. तो चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. ती नोंद बाजूला ठेवल्यावर जुन्या, खऱ्या जागांकडे लक्ष वळलं आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. 113 वर्षांनी! आता एवढ्या मोठ्या माणसाच्या नोंदीवर शंका घेणारं कुणी आजच्या एखाद्या ग्रुपवर आलं असतं, तर अ‍ॅडमिनने काय केलं असतं? बहुतेक ठिकाणी काढून टाकलं असतं.

म्हणून आधी शंकेखोर आणि ट्रोल वेगळे करता यायला हवेत. भाषेवरून ते होत नाही. खान्देशात तर मुळीच नाही, कारण अहिराणीत "तुले काय समजस रे" हे वाक्य पारावर जिवलगाला म्हटलं जातं आणि तेच पडद्यावर वाचलं की अपमान वाटतो. आवाजाचा हेल आणि चेहरा फोनवर दिसत नाही. त्यामुळे 'रे-तुरे' दिसलं की कारवाई, असा नियम करू नये. बघायचं ते एकच : उत्तर मिळाल्यावर माणूस काय करतो. विचारून पाहावं, "काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?" शंका घेणारा सांगतो, "मागून काढलेला फोटो असेल तर दाखवा, शेपटीचे पट्टे बघू." ट्रोल या प्रश्नाला उत्तरच देत नाही, किंवा खुंटा सरकवत राहतो. पुरावा द्या. दिला, तर भारतातला द्या. दिला, तर जळगाव जिल्ह्यातला द्या. तोही दिला, तर तुमच्या स्वतःच्या शेतातला द्या. दोनदा खुंटा सरकला की ओळखावं. तिसऱ्यांदा वाट बघण्यात अर्थ नाही.

हे असं करणारी माणसं असतात तरी कोण? कॅनडातल्या संशोधकांनी केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोलिंगची आवड आणि दुसऱ्याच्या त्रासातून मजा घेण्याची वृत्ती यांचा जवळचा संबंध आढळला. ते पटण्यासारखं आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर आपण फक्त 'वाईट माणूस' शोधत बसतो. त्याहून उपयोगाचा प्रयोग स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडला. 667 लोकांना आधी एक चाचणी दिली. काहींना सोपी, काहींना अवघड, वर तुम्ही फार मागे पडलात असंही सांगितलं. मग सगळ्यांना एका लेखावर प्रतिक्रिया लिहायला लावली. काहींना आधीच्या प्रतिक्रिया सभ्य दिसल्या, काहींना खवचट. मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रिया सभ्य, तिथे 35 टक्के लोकांनी ट्रोलसारखं लिहिलं. मूड बिघडलेला आणि वर खवचटपणा, तिथे 68 टक्क्यांनी. ही सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45च्या घरात, दिवसभर लोडशेडिंग, त्यात रात्री फोन हातात आणि वर कुणीतरी टाकलेला टोमणा : एरवी शहाणा असलेला केळीचा शेतकरीही मग तसंच लिहितो.

यातून अ‍ॅडमिनने घ्यायची गोष्ट अशी की चर्चेच्या धाग्यातला पहिला खवचट मेसेज सर्वांत महाग असतो. तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत हलवला तर पुढची गर्दी होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. मात्र पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढावा. तारीख, वेळ आणि आधीचे-नंतरचे दोन-दोन मेसेज त्यात यावेत. पुसल्यावर पुरावा राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी "मी असं काही बोललोच नव्हतो" हे हमखास ऐकायला मिळतं. तो स्क्रीनशॉट पुन्हा ग्रुपवर टाकायचा नाही. त्यात नंबर असतो, आणि आपणच दुसऱ्यावर झुंड सोडल्यासारखं होतं.

झुंडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण चांगल्या ग्रुपांचं वाटोळं बहुतेक वेळा इथेच होतं. ट्रोल आला की जुने सदस्य त्याला 'ठोकून काढायला' धावतात. त्यांना वाटतं आपण ग्रुप वाचवतोय. चार मोठ्या संकेतस्थळांवरच्या प्रतिक्रियांचा 2014 मध्ये अभ्यास झाला, त्यात दिसलं की ज्यांच्या लेखनाला नापसंतीची मतं मिळाली ते नंतर जास्त लिहू लागले आणि आणखी वाईट लिहू लागले. निघून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त होती ती ज्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही त्यांची.

दुर्लक्ष करा, हा सल्ला म्हणून बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला जातो. बक्षीस बंद झालं की सवय लगेच मोडत नाही, आधी उसळते. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांपासून हे माहीत आहे. हापशाला पाणी येईनासं झालं की माणूस लगेच कळशी उचलून निघत नाही. आधी दुप्पट जोराने हापसतो. ट्रोलचंही तसंच. ग्रुप गप्प झाला की काही दिवस त्याचे मेसेज वाढतात, धार वाढते, नव्या सदस्यांना टोचणं सुरू होतं. नेमक्या याच वेळी कुणीतरी न राहवून एक उत्तर देतं, आणि सगळं मुसळ केरात. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सर्वांत चिवट सवय लावतं. गळ टाकून दिवसभर तापीकाठी बसणारा माणूस म्हणूनच उठत नाही. तेव्हा दुर्लक्ष करायचं तर सगळ्यांनी आणि सलग, नाहीतर ते न केलेलंच बरं.

आता खोट्या माहितीचं काय? तिथे गप्प बसून चालत नाही. केळीच्या ग्रुपवर कुणी लिहितो, "हरण्यावर अमुक औषध फवारा, आठ दिवसांत रोग गायब." एक ओळ. ती खोडायला मात्र पानभर लिहावं लागतं. अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन प्रोग्रामरने 2013 मध्ये हेच सूत्र म्हणून मांडलं : बाष्कळ दावा खोडायला तो करण्यापेक्षा दहापट कष्ट पडतात. मग ते कष्ट एकदाच घ्यावेत. उत्तर लिहून जपून ठेवावं आणि लागेल तेव्हा चिकटवावं. रचना अशी : आधी खरं काय ते, मग खोटा दावा एकदाच, मग तो खरा का भासतो, शेवटी काय करायचं. हरण्याचं उत्तर साधारण असं होईल :

"हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. झाडात शिरलेल्या विषाणूवर फवारणीचं औषध नाही. फवारल्यावर रोग गेल्यासारखा वाटतो, कारण याची लक्षणं ढगाळ, थंडाव्याच्या हवेत ठळक दिसतात आणि ऊन तापलं की नव्या पानावर दबतात. रोग झाडातच असतो आणि मावा तो पुढे नेतो. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करा, मावा आटोक्यात ठेवा, बागेत आणि बांधाला काकडी-भोपळ्यासारखी वेलवर्गीय पिकं घेऊ नका, रोपं विषाणूमुक्त घ्या."

यात दावा करणाऱ्याचं नाव नाही, त्याच्या अकलेचा उद्धार नाही. हे उत्तर त्याच्यासाठी नाहीच. न बोलता वाचणाऱ्या बाकीच्या शेकडो लोकांसाठी आहे. शिवीगाळीची झळ त्यांनाच बसते. अमेरिकेत 1183 जणांना नॅनोचांदीवरचा (चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवरचा) एकच लेख वाचायला दिला होता, खालच्या प्रतिक्रियांत फरक फक्त सभ्यतेचा. असभ्य प्रतिक्रिया वाचणाऱ्यांची मतं आपापल्या बाजूला आणखी ताणली गेली. त्या अभ्यासाचा हवाला देऊन 'पॉप्युलर सायन्स' मासिकाने सप्टेंबर 2013 मध्ये संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियाच बंद केल्या. माझ्या मते हा उपाय आजाराहून जड होता, पण मासिकाला परवडतो. ग्रुपचा तर जीवच चर्चेत असतो.

नियम लिहून ठेवल्याने फरक पडतो का, अशी शंका नेहमी येते. पडतो, आणि तो मोजलेला आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या विज्ञान विभागात जे. नेथन मटायस या संशोधकाने 2190 चर्चांवर प्रयोग केला. काही चर्चांच्या माथ्यावर नियमांची सूचना लावली, काहींवर लावली नाही. सूचना असलेल्या ठिकाणी नवख्यांनी नियम पाळण्याची शक्यता 8 टक्के-बिंदूंहून जास्त वाढली आणि नवख्यांचा सहभाग सरासरी 70 टक्क्यांनी. धाक बसून लोक गप्प होतील ही भीती खोटी ठरली. इथे कुणी अंगावर येणार नाही हे कळल्यावर लाजरेबुजरे बोलू लागले असावेत.

ग्रुपच्या माहितीत लिहिलेले नियम कुणी उघडून बघत नाही. ते छोट्या मेसेजमध्ये लिहून वर पिन करावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते, म्हणून दर महिन्याच्या 1 तारखेला पुन्हा लावायची. चार वाक्यं पुरतात : इथे काय चालतं, दावा केला तर फोटो, मोजमाप किंवा स्वतःची नोंद द्यायची, माणसावर लिहिलेला मेसेज पुसला जाईल आणि कारण खासगीत कळवलं जाईल, घरट्याची नेमकी जागा टाकायची नाही. शेवटचं वाक्य पक्ष्यांच्या ग्रुपसाठी. घुबडांवर अंधश्रद्धेची नजर असते.

अ‍ॅडमिन किमान तीन असावेत आणि ज्याच्याशी भांडण झालं त्याने निर्णय घेऊ नये. गावाकडच्या ग्रुपांत अ‍ॅडमिन बहुधा शाळेतले सर असतात आणि सरांना उलट बोललेलं सहन होत नाही, हे त्यांचे विद्यार्थीही सांगतील. पहिल्यांदा खासगी मेसेज करावा : "भाऊ, रात्रीचा मेसेज पुसला. घुबडाबद्दल शंका असेल तर खुणा सांगून जरूर लिहा." दुसऱ्यांदा मुदत घालून लेखी ताकीद. तिसऱ्यांदा काढायचं, ग्रुपवर त्याची मिरवणूक न काढता. काढल्यावर लगेच आमंत्रणाची जुनी लिंक रद्द करून नवी घ्यायची आणि नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल ही सोय चालू करायची, नाहीतर तोच माणूस संध्याकाळी दुसऱ्या सिमवरून हजर होतो. टेलिग्रामवर 'स्लो मोड' आहे. प्रत्येकाच्या दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून एका तासापर्यंत अंतर सक्तीचं करता येतं. तापलेल्या धाग्यावर 5 मिनिटांचं अंतर लावलं की भांडणाची मजाच जाते.

बायकांच्या बाबतीत मात्र 'दुर्लक्ष करा' हा सल्ला देऊ नये. ग्रुपवरून नंबर उचलून खासगीत मेसेज करणारा हा निव्वळ ट्रोल राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 78व्या कलमात स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट केल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा गुन्हा आहे. म्हणून ब्लॉक करण्याआधी "मला मेसेज करू नका" हे एकदा लेखी पाठवावं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, मग ब्लॉक करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार करावी. अ‍ॅडमिनने त्या माणसाला त्याच दिवशी काढावं. इथे तीन संधी नाहीत. सदस्याच्या मेसेजबद्दल आपल्यालाच आत टाकतील या भीतीने अनेक अ‍ॅडमिन ग्रुपच बंद करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

आणि सगळं हाताबाहेर गेलंच, तर रात्रीपुरता ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करावा. नुसतं कुलूप लावलं तर हुकूमशाही वाटते, सोबत एक ओळ हवी : "सकाळी 7 वाजता उघडेल." सात म्हणजे सात. उघडल्यावर पहिला मेसेज कालच्या भांडणाचा नको, समजुतीचाही नको. हतनूरच्या जलाशयावर गेलेल्या कुणाला तरी आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, आणि सात वाजून एक मिनिटाला त्याने लिहावं, आज बदकं किती दिसली, कुठली दिसली, धुकं होतं की नाही.