मंगळावरील जीवसृष्टीच्या रासायनिक खुणांचा शोध

मंगळावर आज सूक्ष्मजीव आहेत का, किंवा तेथे पाणी वाहत होते त्या काळात ते कधी होते का, याचा छडा तेथील माती, खडक आणि हवा यांच्या रासायनिक तपासणीतून लावण्याचा प्रयत्न म्हणजे मंगळावरील रासायनिक जैवखुणांचा शोध होय. जीव स्वतः हाती लागला नाही, तरी त्याच्या चयापचयाने बदललेली संयुगे, खनिजे आणि वायू मागे राहतात, आणि अनुकूल खडकात ती अब्जावधी वर्षे टिकू शकतात, ही या शोधामागची धारणा आहे. आजवर यातून अनेक सूचक निरीक्षणे मिळाली आहेत. निर्विवाद पुरावा मात्र मिळालेला नाही.

‘सेंद्रिय’ या शब्दाभोवतीचा एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. या नावामुळे अशी संयुगे सजीवांपासूनच आली असावीत असे वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत ७० हून अधिक प्रकारची ॲमिनो आम्ले सापडली, आणि ती घडण्यासाठी कोणत्याही जीवाची गरज लागली नव्हती. त्यामुळे नुसते सेंद्रिय द्रव्य सापडल्याने काहीच सिद्ध होत नाही. त्या द्रव्यात निवड दिसते का, हे पाहावे लागते. पृथ्वीवरील सजीव प्रथिने बांधताना ॲमिनो आम्लांच्या, एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी जवळपास फक्त डावे रूप वापरतात, तर निर्जीव प्रक्रियांत डावे आणि उजवे रूप साधारण सारख्याच प्रमाणात तयार होते. पेशी वसाम्लांच्या साखळ्या दोन-दोन कार्बन जोडत वाढवतात, म्हणून सजीवांच्या अवशेषांत सम संख्येच्या साखळ्यांचे प्रमाण जास्त असते. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ अधिक पसंत करतात, आणि ती पसंती त्यांच्या अवशेषांत समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या, प्रमाणातून वाचता येते.

हवेतूनही असेच काही वाचता येते. १९६५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी असे सुचवले की, एकमेकांना संपवणारे वायू एखाद्या ग्रहाच्या वातावरणात शेजारी शेजारी टिकून असतील, तर त्यांची भर घालणारे काहीतरी तेथे सतत चालू असले पाहिजे. पृथ्वीच्या हवेतील ऑक्सिजन आणि मिथेन ही अशी जोडी आहे. मंगळाची विरळ हवा सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची असून रासायनिक समतोलाच्या जवळ आहे, त्यामुळे लव्हलॉक यांना तेथे सजीव असण्याची आशा फारशी वाटत नव्हती.

मंगळाच्या मातीवर प्रत्यक्ष जैविक प्रयोग करणारी मोहीम आजवर एकच झाली, ती अमेरिकेच्या नासा या संस्थेची ‘व्हायकिंग’. व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी क्रायसी मैदानात आणि व्हायकिंग-२ हे ३ सप्टेंबर १९७६ रोजी युटोपिया मैदानात उतरले. पृथ्वीवरचे जंतू सोबत जाऊन निष्कर्ष बिघडवू नयेत, म्हणून उड्डाणापूर्वी ही याने संरक्षक कवचासह एका दिवसाहून अधिक काळ सुमारे ११२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून निर्जंतुक केली होती. प्रत्येक यानात तीन जैविक प्रयोग होते आणि त्यांच्या जोडीला माती तापवून त्यातील सेंद्रिय संयुगे ओळखणारे वायुवर्णलेखक व वस्तुमान वर्णपटमापक यांचे संयुक्त उपकरण होते.

या तिन्हींपैकी गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्रॅट यांचा प्रयोग कल्पनेने सर्वांत साधा होता, आणि वाद माजला तोही त्याच्याच निकालावर. यंत्रहाताने उचललेली जेमतेम अर्धा घन सेंटिमीटर माती एका छोट्या बंद कुपीत घालायची. तिच्यावर फॉर्मेट, ग्लायकोलेट, ग्लायसीन, ॲलॅनीन आणि लॅक्टेट यांच्या अत्यंत सौम्य द्रावणाचा एक थेंब सोडायचा. या पोषकांतील कार्बन किरणोत्सर्गी कार्बन-१४ असल्यामुळे मातीतील कोणी ते पचवून वायू सोडला, तर कुपीवरील गणित्रात त्याची नोंद व्हायची. थेंब पडला आणि गणित्रातील आकडे झपाट्याने चढले. मातीचा दुसरा नमुना १६० अंशांना तीन तास तापवून घेतला, तेव्हा प्रतिसाद जवळपास नाहीसा झाला; सुमारे ५० अंशांना तापवलेल्या नमुन्यातही तो बराच घटला. प्रयोगापूर्वी ठरवलेल्या कसोट्या काटेकोरपणे लावल्या, तर हा निकाल होकारार्थी होता. लेव्हिन २०२१ मध्ये निधन होईपर्यंत याच मतावर ठाम राहिले.

बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मात्र तो तसा मानला नाही, आणि त्यांच्याकडे सबळ कारणे होती. त्याच मातीवर दुसऱ्यांदा पोषक सोडल्यावर वायू वाढण्याऐवजी काही प्रमाणात पुन्हा शोषला गेला. वाढणाऱ्या जीवांकडून याच्या उलट अपेक्षा असते. दुसऱ्या प्रयोगात माती नुसती दमट होताच तिच्यातून ऑक्सिजन बाहेर पडला, तोही अंधारात आणि आधी तापवलेल्या मातीतूनसुद्धा. नॉर्मन होरोवित्झ यांच्या तिसऱ्या प्रयोगात किरणोत्सर्गी कार्बन अगदी अल्प प्रमाणात मातीत बांधला गेल्याचे दिसले, परंतु स्वतः होरोवित्झ यांनी त्याला जैविक मानले नाही. निर्णायक ठरले ते क्लाउस बीमान यांचे, सेंद्रिय संयुगे ओळखणारे संयुक्त उपकरण. ५०० अंशांपर्यंत माती तापवूनही त्यात मंगळाचे म्हणता येईल असे एकही सेंद्रिय संयुग आढळले नाही; क्लोरीनयुक्त मिथेनचे जे अंश दिसले, ते उपकरण धुण्याच्या द्रावकाचे अवशेष मानले गेले. शरीरे नाहीत तर जीव कोठून, असा सरळ तर्क होता, आणि मातीत एखादा तीव्र ऑक्सिडीकारक पदार्थ असावा असे अनुमान काढण्यात आले.

तो पदार्थ कोणता, याचा धागा बत्तीस वर्षांनी मिळाला. मे २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात उतरलेल्या ‘फीनिक्स’ यानाला मातीत वजनाने सुमारे अर्धा टक्का परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन व ऑक्सिजनयुक्त क्षार, आढळले. थंडीत हे क्षार निरुपद्रवी असतात, पण तापवले की ऑक्सिजन सोडून जवळचे सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतात. चिलीतील अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तेव्हा व्हायकिंगला दिसलेलेच क्लोरीनयुक्त मिथेन तयार झाले. म्हणजे जे संयुग शोधायचे, ते शोधण्याच्या कृतीतच नष्ट झाले असण्याची शक्यता आहे. परक्लोरेटावर किरणोत्साराचा मारा झाला की हायपोक्लोराइट तयार होते आणि ते लेव्हिन यांच्या पोषकांचे विघटन करून वायू सोडू शकते, हेही पुढे प्रयोगशाळेत दिसून आले. त्यामुळे बीमान यांच्या नकाराची धार बोथट झाली आणि लेव्हिन यांच्या होकारालाही निर्जीव स्पष्टीकरण मिळाले. मातीचे मूलभूत रसायन कळण्याआधीच तिला जीवाविषयी प्रश्न विचारला गेला, हे व्हायकिंगचे खरे दुखणे होते. आणखी एक उणीव अधिक खटकते. पोषकांतील ॲलॅनीन आणि लॅक्टेट यांची डावी व उजवी रूपे एकत्र मिसळलेली होती. ती वेगवेगळ्या कुप्यांत दिली असती, तर दोन्ही सारखीच संपतात की एकाचीच निवड होते, हे त्याच वेळी कळू शकले असते.

व्हायकिंगनंतर नासाने थेट जीव शोधण्याऐवजी पाण्याचा माग आणि वस्तीयोग्य परिस्थिती शोधण्याचे धोरण स्वीकारले. मधल्या काळात अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या ‘ए. एल. एच. ८४००१’ या मंगळावरून आलेल्या अशनीत जैवखुणा असल्याचा दावा १९९६ मध्ये झाला. त्यातील बहुतेक मुद्द्यांना पुढे निर्जीव पर्याय मिळाले.

‘क्युरिऑसिटी’ ही बग्गी ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरली. तेथे प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचे पंकाश्म आहेत. त्यांतील ‘कंबरलँड’ नावाच्या नमुन्यात क्लोरोबेंझीन सापडले, आणि २०१८ मध्ये सुमारे ३ अब्ज वर्षे जुन्या पंकाश्मांत गंधकयुक्त थायोफीन आढळल्याचे जाहीर झाले. बग्गीच्या प्रयोगशाळेतील एका कुपीतून रसायन झिरपत असल्यामुळे मंगळाचा कार्बन कोणता आणि पृथ्वीवरून नेलेला कोणता, हे वेगळे करण्यातच संशोधकांचा बराच काळ गेला. मार्च २०२५ मध्ये याच कंबरलँड नमुन्यातून डेकेन, अनडेकेन आणि डोडेकेन, म्हणजे अनुक्रमे १०, ११ आणि १२ कार्बनांच्या साखळ्या, मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. त्या वसाम्लांचे तुकडे असू शकतात. मात्र वसाम्ले निर्जीव प्रक्रियांतूनही बनतात, आणि तीनच साखळ्यांवरून सम-विषमाचा निवाडा करता येत नाही.

मिथेनचा प्रश्न अजून सुटलेला नाही. क्युरिऑसिटीने विवराच्या तळाशी अब्ज भागांत ०.२४ ते ०.६५ भाग इतके, ऋतूनुसार कमी-जास्त होणारे मिथेन नोंदवले, आणि जून २०१९ मध्ये हा आकडा एकदा सुमारे २१ वर गेला. याउलट मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोप-रशियाच्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ला मिथेन अब्ज भागांत ०.०५ भागापेक्षा अधिक असल्याचे कोठेही दिसले नाही. भारताच्या मंगळयानावरही मिथेन संवेदक होता; २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत पोचलेल्या या यानाच्या संवेदकाची निरीक्षणे अखेर पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो याच्या अभ्यासासाठी उपयोगी पडली. शिवाय पाणी आणि ऑलिव्हीनयुक्त खडक यांच्या क्रियेतूनही मिथेन बनू शकतो, त्यामुळे तो निश्चित सापडला तरी त्याचा उगम ठरवणे बाकीच राहते.

आजवरची सर्वांत बोलकी खूण ‘पर्सिव्हरन्स’ या बग्गीला मिळाली आहे, असे म्हणायला हरकत नाही. ती १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली. जुलै २०२४ मध्ये विवरात पाणी आणणाऱ्या नेरेट्वा या प्राचीन नदीपात्रात तिला ‘चेयावा फॉल्स’ असे नाव दिलेला, जेमतेम मीटरभर लांबीचा तांबूस खडक दिसला. त्यावर पांढऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या शिरा आहेत, आणि शिरांच्या मधल्या भागात काही मिलिमीटरचे फिकट ठिपके. प्रत्येक ठिपक्याला काळपट कड आहे, बिबट्याच्या कातड्यावर असते तशी. कडेत लोह आणि फॉस्फरस यांचे व्हिव्हियानाइट हे खनिज, तर आतल्या भागात लोह आणि गंधक यांचे ग्रायगाइट असावे, असे उपकरणांवरून दिसते. याच खडकात सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर तळ्यांच्या आणि दलदलींच्या गाळात सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्य खाताना लोह व सल्फेट यांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देतात, तेव्हा हीच खनिजे जन्माला येतात. उष्णतेनेही असे क्षपण होऊ शकते, पण हा खडक फार तापल्याच्या खुणा मिळालेल्या नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात याला ‘संभाव्य जैवखूण’ म्हटले आहे. हा संयम रास्त आहे, कारण तेवढ्या कमी तापमानात निर्जीव रसायन काय काय करू शकते, याचा अभ्यास अजून अपुरा आहे.

या अभ्यासासाठी पृथ्वीवरील सदृश ठिकाणे मोलाची ठरतात, आणि त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा समावेश होतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये आघाताने तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर मंगळावरील विवरांशी खडकाच्या बाबतीतही जुळते, कारण मंगळाचा पृष्ठभाग बव्हंशी बेसाल्टचाच आहे. त्यातील सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत तो रंग क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. ही छटा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची असते, आणि ही रंगद्रव्ये रामन वर्णपटमितीत, म्हणजे विखुरलेल्या लेसर प्रकाशातील बदलावरून पदार्थ ओळखण्याच्या तंत्रात, ठळकपणे ओळखू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेले हे तंत्र आज पर्सिव्हरन्सच्या यंत्रहातावर मंगळाचे खडक तपासत आहे.

चेयावा फॉल्समधून कोरलेला ‘सफायर कॅनियन’ हा नमुना हवाबंद नळीत बग्गीवरच आहे. त्यातील समस्थानिकांचे प्रमाण आणि कणांची सूक्ष्म रचना पृथ्वीवरील प्रयोगशाळांतच नीट तपासता येईल, परंतु नमुने परत आणण्याची मोहीम खर्चामुळे अधांतरी आहे. त्याआधी युरोपीय अवकाश संस्थेची ‘रोझालिंड फ्रँकलिन’ ही बग्गी मंगळाकडे जाण्याची अपेक्षा असून तिचे उड्डाण २०२८ मध्ये नियोजित आहे. वैश्विक किरणांमुळे मंगळाच्या वरच्या थरातील सेंद्रिय रेणू मोडतात, म्हणून ती २ मीटर खोलीपर्यंत छिद्र पाडून नमुने काढणार आहे. परक्लोरेटाचा अडथळा टाळण्यासाठी काही नमुने तापवण्याऐवजी लेसरच्या झोताने तपासण्याची तिच्यात सोय आहे. व्हायकिंगच्या कुपीत एकत्र मिसळलेली ॲमिनो आम्लांची डावी आणि उजवी रूपे तिच्या वायुवर्णलेखकात वेगवेगळी मोजता येतील.