गोविंदाचा विमा वेगळा, आयोजकाची जबाबदारी वेगळी

दहीहंडीच्या आधी सरावाच्या जागी एक यादी फिरते. नाव, वय, आधार क्रमांक, वारसाचं नाव, सही. यादी भरली की पोरं म्हणतात, "विमा निघाला." आयोजकही तेच म्हणतात, पण त्यांच्या मनात पुढचं एक वाक्य असतं: आता काही झालंच तर विमा कंपनी बघेल, आपल्यावर काही येत नाही. हे पुढचं वाक्य साफ चुकीचं आहे. डोक्याला मार लागलेल्या पोराच्या घरच्यांनीही ते खरं मानलं, तर त्यांचा हक्काचा पैसा बुडतो.

यादीतला विमा हा वैयक्तिक अपघात विमा. ऑगस्ट 2022 मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत गोविंदांसाठी 10 लाखांपर्यंतच्या संरक्षणाची घोषणा केली. 2023 साली 50 हजार गोविंदांचा, प्रत्येकी 75 रुपये हप्ता सरकारने भरला आणि 2025 मध्ये ही संख्या दीड लाखावर गेली. या विम्यात चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही. थर का कोसळला, खाली गाद्या होत्या का, याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं. अपघात झाला, कागद पुरे आहेत, तर ठरलेली रक्कम मिळते. हा त्याचा मोठा गुण आहे आणि सरकारने तो हप्ता भरावा, हे योग्यच.

अडचण त्या रकमेच्या तक्त्यात आहे. मृत्यू, दोन डोळे, दोन हात, एक पाय असा तो शरीराचे अवयव मोजत जातो. मेंदूची इजा अशी मोजता येत नाही.

आमच्या शेजारच्या चाळीतला एक मुलगा सरावात पाचव्या थरावरून पडला. हेल्मेट नव्हतं. सीटी स्कॅन ठीक आला, हातपाय शाबूत होते, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. तो वायरमनच्या हाताखाली काम करायचा. दोन महिन्यांनी पुन्हा कामावर गेला, तर मेन स्विच बंद केला की नाही हेच त्याच्या लक्षात राहीना. आठवड्याभरात मालकाने घरी बसवलं. त्याची आई एका शंभरपानी वहीत रोजचं लिहून ठेवायची. "मंगळवार. दूधवाल्याला दोनदा पैसे दिले." "शुक्रवार. धाकटीवर हात उगारला, मग रडला." तक्त्यात या पोराला कुठे बसवणार?

मेंदूला बसलेला हादरा सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. काही वेळा कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनी त्रास द्यायला लागतं. पॉलिसी मात्र अपंगत्वाचा टक्का लिहिलेला दाखला मागते, आणि ते अपंगत्व अपघातापासून 12 महिन्यांच्या आत आलेलं असावं, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. म्हणून स्मरणशक्तीची, वागण्याची तपासणी मेंदूविकारतज्ज्ञाकडून वेळेत करून ती कागदावर आणावी लागते. सरावाचे दिवस विम्याच्या मुदतीत येतात का, हेही यादीवर सही करण्याआधी विचारावं.

आयोजकाची जबाबदारी सुरू होते ती चूक कोणाची या प्रश्नापासून, म्हणजे विमा जो प्रश्न विचारतच नाही तिथून. हंडी ज्याने बांधली, बक्षीस ज्याने लावलं, पोरांना ज्याने वर चढवलं, त्यांनी घ्यायला हवी होती ती काळजी घेतली का? मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना बंदी आणि 20 फुटांची मर्यादा घातली होती. ऑगस्ट 2017 मध्ये ती मर्यादा राहिली नाही, पण 14 वर्षांखालील मुलांना चढू देणार नाही, ही सरकारची हमी नोंदवली गेली. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, गाद्या यांची जबाबदारी कोणाची, हे आता कुणाला माहीत नाही असं नाही.

"स्वखुशीने सहभागी होत आहे, आयोजक जबाबदार नाहीत" असं लिहिलेल्या हमीपत्राचा धाक फार घातला जातो. थर लावताना पडण्याचा धोका असतोच, तो गोविंदाने पत्करलेला असतो. दुसऱ्याचा निष्काळजीपणा त्याने पत्करलेला नसतो. आणि 18 वर्षांखालच्या मुलाची करारावरची सही 1872 च्या करार कायद्यापुढे टिकत नाही.

इथला रस्ता लांब आहे, हे मान्य. दिवाणी दावा, वकील, साक्षीदार, वर्षांमागून वर्षं. पण इथे अवयवांचा तक्ता नसतो, पुढचं आख्खं आयुष्य हिशेबात धरलं जातं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या एका मुलीला सुमारे 62 लाखांची भरपाई दिली. तिला सांभाळायला आयुष्यभर दोन माणसं लागतील, त्यांचा पगारही त्यात धरला. तसंच, आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते कापता येणार नाहीत, असं याच न्यायालयाने 1998 मध्ये एसटी महामंडळाविरुद्धच्या खटल्यात सांगितलं. हे दोन्ही निकाल मोटार अपघात कायद्यातले, पण भरपाई मोजण्याची रीत इतर दाव्यांतही तिथूनच घेतली जाते. म्हणजे विम्याचा चेक घेतला म्हणून दाव्याचा हक्क जात नाही. फक्त तो चेक देताना आयोजक "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागत असतील, तर करू नये.

गोंधळ वाढवणारा आणखी एक कागद असतो, आयोजकाने स्वतःसाठी घेतलेला दायित्व विमा, म्हणजे त्याच्यावर आलेली भरपाई कंपनीने भरायची. मंडपावर "कार्यक्रम विमाकृत" लिहिलेलं असतं ते याच्या जोरावर. तो आयोजकाचा खिसा वाचवतो, आणि त्यातही सहभागी खेळाडू अनेकदा वगळलेले असतात, केवळ प्रेक्षक धरलेले असतात.

त्या आईची वही विमा कंपनीच्या खिडकीवर कोणी उघडूनही पाहिली नाही, दाखला आणा म्हणाले. वकिलाने मात्र पहिल्या भेटीत ती पूर्ण वाचली, तारखांखाली पेन्सिलने खुणा केल्या आणि सांगितलं, लिहिणं थांबवू नका.