वळिवडे, माणगाव आणि पंचगंगेचा पूर

लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलं नाही, असं कोल्हापूर परिसरातलं घर शोधून काढावं लागेल. साड्या, कापडाचे तागे, चादरी, सगळं घाऊक भावात. पण ज्या जागेवर हा बाजार उभा राहिला तिथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहत होते, हे बस्ता बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. वळिवडे कॅम्प म्हणतात तो हाच.

गरिबी, विषमता आणि हवामानाचा अन्याय यांच्याशी झुंजताना देशोदेशीची साधी माणसं एकमेकांना थेट जोडली जाताहेत, असं अलीकडे बरंच बोललं जातं. बोलण्याचा सूर असा असतो की जणू हे सगळं गेल्या वीसेक वर्षांत सुरू झालं. कोल्हापूरपुरतं पाहिलं तरी याची मुळं फार मागे जातात. ती शोधताना मला एक गोष्ट सारखी दिसत राहिली: सोसणाऱ्यालाच जिथे बोलायची जागा मिळाली, तिथलं नातं पिढ्यांपलीकडे टिकलं.

वळिवड्याचंच घ्या. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर राजकारण फिरलं, सुटका झाली आणि ही माणसं इराणमार्गे बाहेर पडली. त्यातले काही हजार भारतात पोहोचले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिलेल्या पोलिश मुलांची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. पण संख्येने मोठी वसाहत आपल्या वळिवड्याची. बालाचडीचा कॅम्प बंद झाल्यावर तिथली मुलंही इकडेच आली. राहणाऱ्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा, जागा कोल्हापूर संस्थानातली. बराकींच्या रांगांमध्ये त्यांनी शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथकं असं सगळं स्वतः चालवलं. मला यातलं हे ‘स्वतः’ फार महत्त्वाचं वाटतं. ते कोणाच्या दयेवर दिवस मोजत बसले नव्हते. परक्या मुलखात त्यांनी आपलं गाव वसवलं होतं.

१९४८ पर्यंत ते पांगले. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, काही मायदेशी. रिकाम्या बराकींत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर झालं. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन निर्वासित समाज! पोलिश मंडळींनी मात्र हे गाव मनातून सोडलं नाही. इथे वाढलेल्या मुलांनी पुढे आपली संघटना बांधली, म्हातारपणी ती इथे येत राहिली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यात नवं स्मारक झालं तेव्हाही पोलंडहून माणसं आली. महापूर ओसरून जेमतेम महिना झाला होता. तिकडे पोलंडच्या राजधानीत, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे भेट दिल्यावर आपल्याकडे अनेकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

दुसरा धागा कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावचा. मार्च १९२० मध्ये तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे असं सभेला सांगणारे शाहू महाराज. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, त्यात महाराजांचा आर्थिक हातभार होता. विषमतेचा प्रश्न गावकुसाबाहेरच्या एका समाजापुरता नाही, जगभरच्या दबलेल्यांचा आहे, ही जाण बाबासाहेबांच्या कामात पुढे स्पष्ट दिसते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं कळलं, त्याची प्रत मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.

त्या पत्राचा माग २००१ च्या डर्बन परिषदेपर्यंत काढता येतो. वंशभेदाविरुद्धच्या त्या जागतिक परिषदेत भारतातले दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले. जपानमधल्या, जन्मावरूनच हीन लेखल्या गेलेल्या बुराकू समाजाचे लोक त्यांच्या बाजूने होते. जातीचा विषय तिथे घेण्याला भारत सरकारचा विरोध होता आणि अंतिम ठरावात जात आली नाही. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातही मोडते, असं लेखी म्हटलं.

गरिबीच्या बाजूने सहकाराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांचं १८४४ मधलं सहकारी दुकान, जर्मनीतल्या रायफायझेनच्या पतपेढ्या, मग आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आणि शेवटी आपले साखर कारखाने, दूध संघ. कल्पना बाहेरून आली, रुजली इथल्या मातीत. मुंबईच्या भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची गोष्ट त्यापेक्षा कमी सांगितली जाते. महिला मिलन या गटातून रोज थोडे थोडे पैसे साठवणाऱ्या आणि आपल्या झोपड्यांची मोजणी आपणच करणाऱ्या या बायकांची रीत १९९१ नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडवस्त्यांपर्यंत गेली. १९९६ मध्ये त्यातून झोपडपट्टीवासीयांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. शिकवायला गेल्या त्या फुटपाथवरच्या बायका, कोणी तज्ज्ञ नव्हे.

आता पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ च्याही. याला एकटं हवामान जबाबदार आहे असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. पूररेषेतली बांधकामं, रस्त्यांचे भराव, धरणांतल्या विसर्गाचं नियोजन, सगळं आहे. पण घाटमाथ्यावर मोजक्या दिवसांत कोसळणारा पाऊस तापलेल्या हवेशी जोडलेला आहे, आणि ती हवा प्रयाग चिखलीच्या किंवा शिरोळच्या शेतमजुराने तापवलेली नाही. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या उसाचा पंचनामा होतो. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बाईची बुडालेली रोजंदारी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अशा नुकसानाची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न जगापुढे पहिल्यांदा मांडला तो लहान बेटांनी. १९९१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू या बेटदेशाने त्यांच्या वतीने तसा प्रस्ताव ठेवला होता. पुढची बावीस वर्षं तो रखडला. नोव्हेंबर २०१३ मध्ये हवामान परिषद भरली ती नेमकी वॉर्सात. फिलिपिन्सवर नुकतंच हैयान वादळ आदळलं होतं आणि त्या देशाचे प्रतिनिधी येब सानो यांनी परिषदेतच उपोषण धरलं. ठोस काही होत नाही म्हणून शेकडो कार्यकर्ते सभागृहाबाहेर पडले. शेवटी ‘हानी आणि नुकसान’ या विषयासाठी वॉर्सा यंत्रणा स्थापन झाली. त्यासाठीचा निधी मान्य व्हायला २०२२ उजाडलं, आणि पुढल्या वर्षी दुबईत तो सुरू झाला तेव्हा श्रीमंत देशांनी मिळून सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासनं दिली. सगळ्या गरीब जगासाठी एवढीच.

कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी सध्या राज्य सरकारचा प्रकल्प आहे तो जागतिक बँकेच्या कर्जावर. म्हणजे ज्यांनी हवा तापवली नाही, त्यांच्याच करातून हप्ते जाणार. कामं व्हायलाच हवीत, पण हे मला बोचतं. आणि त्या जागतिक निधीचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर २६ सदस्य आहेत, सगळे सरकारांचे. वादळ-पुरात घर गेलेल्यांच्या संघटनांना तिथे निरीक्षक म्हणून बसता येतं. मत देता येत नाही.